आतली खुर्ची

कपडे वाळत घालायचे चार चिमटे
अजून आहेत माझ्या व्हायोलिनच्या पेटीत,
राळेच्या डबीशेजारी.
वांद्र्याच्या किल्ल्यावर, उघड्या मंचावर
समुद्राकडून वारा उठला की
ते चिमटेच आमचे खरे कंडक्टर.
एकदा ट्रंपेटवाल्या शशिकांतचं पान सुटलं
आणि पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर जाऊन बसलं.
त्यांनी ते उलटं धरून वाचलं,
शेवटपर्यंत.

एका स्टँडवर दोघं.
बाहेरच्याने वाजवत राहायचं,
आतल्याने पान उलटायचं.
मी आतली.
बावीस वर्षं.
पान संपायला दोन बार उरले की
मी बो खाली घ्यायची, कोपरा चिमटीत पकडायची,
आणि मरोळच्या गावठाणातला बॅसिल किणी
मान न वळवता पुटपुटायचा,
"पलट गो."
मी उलटलेलंच असायचं.
तरी म्हणायचा.

आता स्टँडवर काच आहे.
संस्थेने हप्त्यावर घेतले टॅब, प्रत्येकाला एक,
आणि पायाशी एक पेडल:
उजवं दाबलं की पुढे, डावं दाबलं की मागे.
पहिली तालीम माटुंग्याच्या शाळेत,
बालवर्गाच्या खोलीत, गुडघे हनुवटीला लावून.
सगळ्यांना सवय पायाने ताल धरायची.
पहिल्या बारातच निम्मा वाद्यवृंद
शेवटच्या पानावर पोचला.
चेलोवाला होर्मझ तेवढा जागच्या जागी,
त्याने चपला काढल्या होत्या आणि पेडल त्याला सापडतच नव्हतं.

काचेत सगळं आलंय.
मिनेझिस मास्तरांचं तिरकं हस्ताक्षर,
अवघड जागांवर त्यांनी काढलेले इवलेसे चष्मे,
म्हणजे इथे डोळे उघडा, गाढवांनो.
सातव्या पानावर त्यांच्या चहाचं कडंसुद्धा,
तपकिरी, अर्धवट,
दोन सुरांना जोडणाऱ्या कमानीसारखं.
मी रुमालाने पुसायला गेले
तर पानच बदललं.
मागे आले. कडं होतं तिथेच.
मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली.

प्रभादेवीच्या हॉलमध्ये दिवे मंदावले
तेव्हा आमचे चेहरे खालून उजळले,
मध्यरात्री फ्रिज उघडून
काहीतरी शोधणाऱ्या माणसांसारखे.
बॅसिल हातभर लांब, त्याच्या स्वतःच्या स्टँडवर.
आमची कोपरं आता एकमेकांना लागत नाहीत.
पूर्वी लागली की तो "सॉरी" म्हणायचा,
तेही बावीस वर्षं.

चौथं पान संपत आलं.
माझा हात निघाला,
हवेत कोपरा शोधून परत आला.
पायाने आपलं काम केलं होतं.
आणि समोर ते दोन बार,
जे मी कधी वाजवलेच नव्हते.
घरीसुद्धा नाही. घरीसुद्धा तिथे मी थांबायची,
कुणीतरी पान उलटायला हवं म्हणून.

फार काही नव्हतं तिथे.
एकच सूर, आठ मात्रा धरून ठेवायचा,
कुणी मोठ्या पिशव्या घेऊन जिना चढत असेल
तर दार धरून उभं राहावं तसा.
इतकी वर्षं तो एकट्याने धरत होता.
मी बो लावला. किंचित खाली लागला सूर,
मग बोट सरकवलं, मग जुळला.

बॅसिलने मान वळवली.
मला वाटतं, पहिल्यांदाच.
चष्म्याच्या काचेत त्याचा टॅब चमकत होता
आणि त्याचं पेडल राहूनच गेलं होतं,
पुढचं पान आलं नव्हतं,
आठ मात्रांतल्या दीड उरल्या होत्या.

मी ओठ न हलवता म्हटलं,
"पलट रे."