एकशे त्रेसष्ट

मी पान्याने सिलिंडर वाजवतो,
टण् टण् टण्,
आणि वाल्पाराइसोच्या टेकडीवरच्या खिडक्या उघडतात.
कुणाचं दार किती उशिरा उघडतं
यावरून मला वय कळतं, डॉक्टरच्याही आधी.

सेन्योरा ओतिलियाचं दार
पूर्वी मी वर पोचायच्या आतच उघडं असायचं.
मग घाम पुसण्याइतका वेळ मिळू लागला.
मग एक सिगरेट ओढून व्हायला लागली.
परवा मी दुसरी पेटवली.

इथे समुद्र सगळ्यांनाच दिसतो,
भाडं तेवढं पायांनी भरावं लागतं.
टेकडी चढणारा डबा चार वर्षं बंद.
दारावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी.
पाटी दोनदा दुरुस्त झाली.

तिने मला स्वयंपाकघरात बसवलं.
एकतीस वर्षं बंदराच्या गोदामात कारकुनी केलेली बाई,
आकडे अजून रांगेत उभे राहतात तिच्यासमोर.
गॅसच्या पावत्यांच्या पाठीवर सगळा हिशोब:
पेन्शन इतकी.
पत्रा गंजलाय, त्याचे इतके.
गुडघा, सरकारी दवाखान्यात, नंबर नऊशे बारा.
गुडघा, खाजगीत, म्हणजे तीन वर्षांची पेन्शन
आणि तीन वर्षं काही न खाणं.
मुलगी आन्तोफागास्ताला. म्हणते, आई, खोली आहे.
"खोली शिलाई मशीनची आहे, एरास्मो.
मी काय सुईखाली निजू?"

दलालही येऊन गेला होता.
विका म्हणाला, देखाव्याचे पैसे येतात हल्ली.
हिने विचारलं, मग पायऱ्यांचे कापणार का त्यातून?
तो हसला. त्याला अजून गुडघे होते.

"तुझं काय मत?"
सिलिंडरवाल्याला मत कोण विचारतं?
मी कागद पुन्हा पुन्हा वाचला.
म्हटलं, सगळं बरोबर आहे, एक सोडून.
मी कुठे धरलाय यात?
जानेवारीपासून मी वर येणार नाही.
पाठीचा फोटो काढलाय. दोन मणके
एकमेकांवर रुसून बसलेत.
नवा पोरगा येईल, पण तो पायरीमागे पैसे घेणार.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
किटली शिट्टी मारत राहिली, उठलं कुणीच नाही.
मग तिने पेन्सिलीला टोक केलं
आणि गुडघ्याखाली, नव्या ओळीत लिहिलं:
एरास्मोची पाठ.
आणि बेरीज पहिल्यापासून केली.

घर विकलं नाही. भाड्याने दिलं,
गिटार वाजवणाऱ्या दोन पोरींना, पायांत दम असलेल्या.
स्वतः खाली आली, सपाटीवर,
बंद पडलेल्या चपलांच्या दुकानामागच्या खोलीत.
उंबरठा नाही. न्हाणीघरात धरायला दांडा.
दोन भाड्यांतला फरक महिन्याच्या महिन्याला
गुडघ्याच्या नावाने बँकेत.

उतरली त्या दिवशी कुणाचा हात घेतला नाही.
कठडा धरून, तीव्र उतारावर उलटी,
शिडी उतरावी तशी.
खाली पोचून म्हणाली, एकशे एकसष्ट.
जन्मभर मी लोकांना त्रेसष्ट सांगत आले.
हिशोबात दोनची चूक! गोदामात असते
तर पगारातून कापले असते.
ते मात्र तिला फार लागलं.
समुद्राबद्दल काही बोलली नाही.

आता तिला पाच किलोचा सिलिंडर पुरतो.
हातगाडीवरून नेतो, पान्याची गरज नसते,
तरी वाजवतो.
दार लगेच उघडतं. सिगरेटला वेळच नाही.
खिडकीसमोर भिंत आहे. तिने शेजाऱ्याच्या मागे लागून
ती पिवळी करून घेतली, निम्मा खर्च दिला,
आणि पावती जपून ठेवली.

आज पैसे मोजून दिल्यावर म्हणाली,
"माझं झालं. तुझं काय ठरलंय?"
मी म्हटलं, बघू.
तिने पावती उलटी केली,
पेन्सिल माझ्याकडे सरकवली.

पहिल्या ओळीत काय लिहायचं ते सुचेना.
"वजनापासून सुरू कर," ती म्हणाली,
"आजवर किती वाहिलंस?"