अडीच आटे

पंचायतीत नळाचा नकाशा नाही.
होता म्हणतात, निळ्या कागदावर;
पहिल्या पीडीओबरोबर बदलीवर गेला
की वाळवीनं नेला, कोण सांगणार.
उरलाय तेवढा ओमाण्णाच्या टाचांत.

म्हणून त्याला स्कूटीवर मागं बसवून,
मोतीबिंदूची हिरवी पट्टी डोळ्यावर तशीच,
दोन दुपारी गाव हिंडले.
"हितं. थांब गं पोरी," म्हणत तो उतरायचा,
टाच आपटायचा:
"खाली दोन हात. काळा पायप.
सांधा कल्लाप्पाच्या गोठ्याखाली गेलाय.
गोठा मागनं बांधला त्यानं, सांधा आधीचा."

मी लिहीत गेले.
वही मराठीत, पाण्याच्या वेळांचं रजिस्टर कन्नडात,
मोटारीवरची पत्र्याची पाटी इंग्रजीत,
आणि हजेरीत माझ्या नावापुढं 'वॉटरमन'.
बाईमाणसासाठी त्या रकान्यात वेगळा शब्द नाही.

हेस्कॉमची थ्री फेज रात्री दोनला येते.
टाकी भरेस्तोवर मी शिडीच्या खालच्या पायरीवर.
पश्चिमेला डोंगरात चंदगडाकडचे चार दिवे;
तिकडची लाईट आमच्याआधी जाते,
एवढंच त्यांचं मला माहीत.

गळती कशी ऐकायची ते त्यानं शिकवलं:
लोखंडी सळी जमिनीत रोवायची,
वरचं टोक दातांत धरायचं.
धड पाणी नुसतं घूं करतं,
फुटकं पाणी दळण दळतं.
आणि शिमग्यात कुणाचा रताळ्याचा वेल
विनाकारण हिरवागार दिसला
तर आधी तिथं खणायचं,
रामराम मग घालायचा.

तालुक्याचा इंजिनिअर एकदा चिडून विचारत होता,
"नीरु एल्ली होग्तद री?"
ओमाण्णा म्हणाला,
"खालीच की ओ साहेब, पाणी हाय ते."

सात नंबरच्या चेंबरवर मात्र तो उतरला नाही.
रवळनाथाच्या देवळामागं, फरशी सरकलेली.
"ते ऱ्हाऊ दे," म्हणाला,
"त्याला हात लावायचं काम न्हाई."

मी लावला.
चाक तारेनं जखडलेलं. रजिस्टरात 'पूर्ण उघडा'.
मोजलं: पाच आट्यांतले अडीचच मोकळे.
तार तोडली, पाच केले,
घरी येऊन चहा टाकला.

सकाळी मधल्या गल्लीत, अध्यक्षांच्या अंगणात,
नळाला पाईप लावून जीप धुतली.
वर कुंभारमाळावर नळांनी नुसता वारा ओकला.
यल्लूबाई काही बोलली नाही.
घागर उपडी घातली, तिच्यावर बसली,
माझ्या हातातल्या पान्याकडं बघत.

दुपारी अडीच आटे परत आवळले.
नवी तार. दोन पीळ जास्तीचे.
आता मधल्या गल्लीत धार बारीक,
शिव्या मात्र भरपूर दाबानं.
तक्रारी कन्नडात एक, मराठीत तीन.
पीडीओ मला म्हणतात, "नाळे बा."
नाळे म्हणजे उद्या.
उद्या मी जात नाही.

ओमाण्णाला सांगायला गेले.
पट्टी निघाली होती,
डोळा धुवट, नवा.
त्यानं विचारलं, "किती?"
मी बोटं दाखवली. दोन,
आणि अर्धं वाकवलेलं एक.
तो भिंतीकडं तोंड करून हसला बहुतेक.

वहीत सातसमोर अजून काही लिहिलेलं नाही.
तिथली ग्लँड पुन्हा झिरपतेय.
सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा
कात्रीनं गोल कापत बसलेय.
गोल कधी नीट येत नाही,
बसतो मात्र.