केळं वर्ज्य

सूचनापत्रकावर चौथी ओळ:
तपासणीआधी तीन दिवस केळं खाऊ नये.
ज्यानं कुणी हे छापलं
त्यानं सावदा पाहिलेलं नसणार.
इथं स्टेशनापासून फाट्यापर्यंत ट्रकांत घड,
पाल्याखाली घड, पोरांच्या डब्यात वेफर,
मांडवाला खुंट बांधतात
आणि लग्न उरकल्यावर तोच गाय चघळते.

लीलाधर फेगडे. वय त्रेचाळीस.
केळीच्या खरेदीवर, वजनकाट्याशी मोजणीला.
हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी,
तिच्यात अकरा वर्षांचे रिपोर्ट:
सोनोग्राफी नॉर्मल. दुर्बीण नॉर्मल.
शौच, थायरॉईड, सगळं नॉर्मल.
जळगावचा मोठा डॉक्टर हसत म्हणाला म्हणे,
पोटात काही नाही तुमच्या.
"मंग हे जे दुखते, ते कोनाचं व ताई?"

भरताच्या पार्टीला हा शेतात जात नाही.
जातो, पण पऱ्हाटीच्या धगीजवळ नुसता बसतो,
कळण्याची भाकरी दुसऱ्यांना मोडून देतो.
एसटीत पाकीट चाचपावं
तसा त्याचा हात सारखा बेंबीच्या डावीकडे.

मी दंडाला रबर बांधते.
जांभळ्या टोपणाची नळी, बर्फाचा डबा, साडेनऊची गाडी.
रक्तात काय पाहतात, तो विचारतो.
ट्रिप्टोफॅन, टायरोसीन, ग्लुटामेट...
परमुलखातल्या व्याह्यांची नावं सांगावीत
तशी मी सांगते, उच्चार सांभाळत.
डाळीतून, दुधातून आम्ल येतं,
त्यातल्या थोडक्याचं सेरोटोनिन होतं,
ते निरोप नेतं एका पेशीचा दुसरीला.
शंभरातलं नव्वदच्या वर आतड्यातच असतं,
डोक्याच्या वाट्याला चिमूटभर.
मला आधी उलटं वाटायचं.
पण भीतीचा गोळा कधी कपाळात आलेला
ऐकलाय का कुणी? पोटातच येतो.
कुणाचं चुकलं, तर आपण तेही पोटातच घालतो.
तिथं जागा किती, हे मात्र
एकाही रिपोर्टात येत नाही.

सुई टोपणातून काढली
आणि तो म्हणाला, "ताई, रात्री एक खाल्लं."

निंभोऱ्याच्या एका बाईचा माल होता.
साडेनऊ क्विंटल भरला.
"म्या नऊ लिवलं." शेठ सांगतो तशी कट्टी,
ओल्याची, दांड्याची, काहीही नाव द्यावं.
तिनं पावती वाचली नाही.
पिशवीतून घरी पिकवलेलं एक काढलं,
म्हणाली, घे भाऊ, सकायपासून उपाशी दिसतो.
"तिच्यासमोर सोललं मी. कसं नको म्हनू?"

बोलताना त्याचं लक्ष नळ्यांच्या खोक्याकडे.
मूठ अजून आवळलेली,
शीर टरारून वर आलेली,
इतकी सोपी शीर महिन्यात दोनदा मिळत नाही.
मी रबर सोडलं.

अर्जावर लिहिलं:
नमुना घेतला नाही. कारण: आहारनियम मोडला.
कारणाचा रकाना दीड बोटाचा आहे,
अर्धा क्विंटल त्यात बसत नाही.

शुक्रवारी या, उपाशीपोटी, मी म्हटलं.
शुक्रवारी दिल्लीच्या गाड्या भरायच्यात.
मग सोमवारी?
सोमवारचं तो काहीच बोलला नाही.
रिपोर्ट आले तसे एकेक करून पिशवीत ठेवले,
तारखेप्रमाणे.

साडेनऊची गाडी नऊ चाळीसला सुटली.
डब्यात सहा खाचा, नळ्या पाच.
दुपारपर्यंत माझ्या पोटात काहीतरी कालवत राहिलं.
सकाळपासून मीही काही खाल्लं नव्हतं,
तेवढंच असेल.