अंदाजानं

शाळेत मी तोलून रांधते.
पहिली ते पाचवी पोरामागे शंभर ग्राम,
सहावीपासून दीडशे.
काटा थांबेस्तोवर मीही थांबते,
मग उईके गुरुजी वहीत आकडा मांडतात
आणि मी खाली सही करते: फुलवंता.
सात वर्षं झाली सही करून,
'ता'चा काना अजून लांबतो.

घरी वही नाही.
घरी सकाळचा भात आहे गंजात,
आमच्याच बांधीतली लुचई,
थंड होऊन इतकी मोकळी
की दाणा दाण्याशी बोलत नाही.

आज विशाखा आली होस्टेलातून, दोन दिवसांसाठी.
चप्पल काढायच्या आधीच म्हणाली,
"आई, साकोलीच्या स्टँडवर एक गाडी लागते.
फ्राइड राइस. गोड बी लागते नं तिखट बी.
लाल सॉस टाकते थो भाऊ, अशी उडवते कढई,
भात वर जाते नं वापस येते."
हात करून दाखवला.
बांगडी कोपरापर्यंत घसरली.
मागच्या खेपेला मनगटातच अडायची.

"कितीले देते?"
"साठ रुपये. मी नाई खाल्ला.
रोजनीच्या प्लेटीत पाहला."

मी चूल पेटवली.
गावात दुकान एक, त्यात सॉस नाही,
आणि असता तरी संध्याकाळी सहाला ते बंद.
फळीवरचा डबा काढला:
चैतात वेचलेली मोहाची फुलं,
वाळून तांबूस, बोटाला चिकटणारी,
वास असा, की सासरा असता
तर डबा दडवून ठेवावा लागला असता.

फुलं आधी कोरडीच भाजली. फुगली.
मग जवसाचं तेल, जिरं, ठेचलेला लसूण,
फल्लीदाणे,
दोन मिरच्या, आणि तिच्याकडे पाहून तिसरी.
पातीचा कांदा; हिरवी पात राखून ठेवली.
एक भेदरं, चिंचेचं पाणी, गुळाचा खडा.
रस आटत आटत लाल झाला.
सॉस नव्हता, पण लाल होता.

"गूळ किती ग्राम?"
"सुपारीएवढा."
"लहान का मोठी?"
"पानातली. अर्धी."
ती हसली नाही. आठवीत आहे,
अर्ध्या सुपारीचं वजन तिला खरंच हवं होतं.

भात पडला. मीठ. सराट्यानं खालवर केला.
"उडव नं, आई."
शाळेतली कढई उचलायला दोघी लागतो,
ती कोण उडवणार?
पण ही घरची, एका कानाची.
चिंधीनं कान धरला, मनगटाला झटका दिला.

अर्धा भात परत आला.
अर्धा चुलीत, राखेत, माझ्या पदरावर,
एक मिरची थेट पाण्याच्या गुंडीत.
निखाऱ्यावरचे दाणे फट् फट् फुटले,
आणि विशाखा भिंतीला पाठ लावून
खाली बसेपर्यंत हसली.
शाळेत एक दाणा सांडला तरी मी वेचते.

उरला तेवढा दोघींनी घेतला,
वरून पात, वरून सांबार.
ती जेवू लागली, आणि पाहते तर
फुलं निवडून ताटाच्या काठाला लावत होती.
एक. दोन. पाच.
मी काही बोलले नाही.
लहानपणी वांगीही अशीच काढायची.

तळाची खरवड खरवडून झाली,
तरी काठावरची फुलं तशीच.
मग तिनं मांडी नीट घातली
आणि एकेक उचलून खाल्लं, हळू,
प्रत्येक वेळी बोट चोखत.

"रोजनीले सांगतो आता."
"काय सांगशीन?"
तिनं विचार केला.
"का आमच्या घरी गाडीवाल्यापेक्षा वर उडते भात."

परवा सहाची एसटी.
पुडी बांधायला मूठ भरली,
सैल केली, परत भरली.
झाकण लावून डबा कानाशी हलवला.
वाजला थोडा.