कोंडवाड्याची किल्ली

कार्यालयाने दिलेल्या यादीत सतरा नोंदी,
माझ्याजवळ एक टेप, एक पेन्सिल,
चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले बूट.
हॅझरबी. वस्ती दोनशे अकरा.
बस दिवसातून दोनदा, गुरुवारी एकदाही नाही.
मी गुरुवारीच आले, शेजारच्या गावाहून चालत.

ऑड्री थ्रेल फाटकाशी उभी,
वय ब्याऐंशी, अंगात नवऱ्याचा कोट,
खिशात किल्ल्यांचा जुडगा,
तिच्याआधी पोचणारा.
"सगळे आधी चर्चच बघतात," ती म्हणाली.
"बुरूज बाराव्या शतकातला. घंटा सहा,
पाचवी तडकलेली. ती फक्त मयताला वाजवतो,
तेवढ्यापुरता तिचा आवाज बरोबर वाटतो."

अंगणात यूचं झाड, चर्चहूनही जुनं,
पोटात इतकं पोकळ की आत बाक टाकून
एके काळी पाद्री हिशेब करत बसे.
घेर मोजायला टेप पुरली नाही.
ऑड्रीने गळ्यातला स्कार्फ काढून उरलेलं अंतर भरलं
आणि मी नोंदवलं: पाच मीटर, एक स्कार्फ.
मग खोडलं.

पूल: समोरासमोर दोन घोडी आली
तर एकाने मागे सरावं, इतकाच रुंद.
कठडे गुडघ्याएवढे,
लोकरीच्या गाठोड्यांना घासू नयेत म्हणून.
लाल टेलिफोनचं खोकं. आत फोन नाही,
बंद पडल्या हृदयाला धक्का द्यायचं यंत्र आहे
आणि जॅमच्या तीन बरण्या, प्रत्येकी दोन पौंड, विश्वासावर.
युद्धस्मारक: एकोणीस नावं, चार एकाच आडनावाची.
तिथे ती काही बोलली नाही.
हातमोजा काढून एका अक्षरातलं शेवाळ
तेवढं नखाने खरवडलं.

शेवटी खाजऱ्या पाल्यातून वाट काढत नोंद सतरा:
गोल दगडी भिंत, छातीएवढी, वर आकाश.
यादीतलं नाव वाचलं
आणि तोंडून आपसूक निघालं, कोंडवाडा.
"काय म्हणालीस?"
"आमच्याकडेही असतो. चुकार गुरं,
दुसऱ्याच्या पिकात शिरलेली. दंड भरा, सोडवून न्या."
"कोंड-वाडा." तिने कवळीमागे घोळवून पाहिला.
"बरा शब्द आहे. दार लागल्यासारखा वाजतो."

तिच्या पणजोबाचा बाप इथला रखवालदार.
त्याची वही चर्चच्या पेटीत आहे, तिला पाठ:
लाल गाय एक, चार पेन्स.
गाढव एक, मालक आला नाही, विकलं.
मेंढ्या नऊ, ओल्या.
बाई एक, पोर एक. या गावची नाहीत.
भाषा कळली नाही. रात्री पाऊस.
पोराला दूध. सकाळी सोडलं.
दंड, आणि पुढे नुसती रेघ.

"त्या रेघेवरून आमच्या घरात दोन पक्ष होते.
आई म्हणायची, त्याला लाज वाटली.
वडील म्हणायचे, बाईकडे काही नव्हतंच."
"आणि तुम्ही?"
"मी दुधाचा विचार करते. मध्यरात्री, पावसात,
कुणाच्या गोठ्यातून आणलं असेल?
बहुतेक त्याच लाल गाईचं.
म्हणजे चोरीचंच."

फॉर्मवर एक रकाना होता: महत्त्व.
वास्तुशास्त्रीय, ऐतिहासिक, इतर.
मी भिंत पुन्हा मोजली. एक मीटर बत्तीस.
मी चढून जाईन.
कडेवर पोर असलेली बाई
जाणार नाही.
'इतर'खाली तेवढंच लिहिलं.

निघताना तिने जुडग्यातली वीतभर किल्ली वेगळी केली.
"ही इथली."
भिंतीत गंजलेल्या दोन बिजागऱ्या, मध्ये वारा.
"दार माझ्या जन्माआधीच गेलं. कुणीतरी सरपणाला फोडलं."
"मग किल्ली?"
तिने ती परत खिशात सोडली,
बाकीच्या किल्ल्यांनी तिला जागा करून दिली.

"आज बस नाही," ऑड्री म्हणाली,
"चल. घरात दूध आहे."