तिसऱ्या अंकातली चिठ्ठी

पटाच्या रात्री, धान निघून गेलेल्या बांधीत
कनात ठोकून आमचं नाटक लागायचं.
दिवसा बैल धावायचे, रात्री आम्ही.
वडशाची कंपनी, तीन अंकांचं जुनं प्रहसन,
आणि त्यात मी, दुधराम कोहळे,
हलर मिलवाला, भुवयांत कोंडा,
चौदा हंगाम पंडित वाग्भूषण.

वाग्भूषणाला तहान लागली तर तो म्हणे,
'जलप्राशनाची अभिलाषा उद्भवली आहे.'
लोक तेवढ्यावर लोळायचे.
शिंकसुद्धा समासात.
मुलगी त्याला नाकारते आणि शेवटी वरते
त्या पोराला, ज्याच्या तोंडी नाटकभर नऊ वाक्यं.
खरं प्रेम थोडं बोलतं, असं काहीसं तात्पर्य
पडदा पडता पडता सूत्रधार सांगून टाकायचा.

मुलगी म्हणजे कौतिका.
ब्रह्मपुरीत शिवणयंत्र,
दातांत टाचणी धरून पाठांतर करणारी.
विंगेत तिच्याशी मी चौदा हंगामांत
'चहा घेता का जी' याच्यापुढे गेलो नाही.

एका पहाटे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत,
गुंडाळलेल्या राजवाड्यावर बसून
लिहायला घेतलं.
साधं लिहिणार होतो. आईशपथ.
पण प्रेम म्हटलं की हाताला एकच भाषा ठाऊक,
घोकलेली, दर रात्रीच्या पाकिटाची:
'हे कमलदललोचने, त्वद्विरहाच्या दावानलात
मम हृत्पिंड भर्जित होत आहे.'
खाली सही मात्र माझी. दुधराम.

तिसऱ्या अंकात एक चिठ्ठी असते, कोरा कागद,
तो उघडून तिनं पाठ केलेलं वाचायचं.
पळसगावच्या पटात तिनं उघडली ती माझी होती.
मी ओळखली.
मागून मिलच्या पावतीवरचा गणपती दिसत होता.

वाचली तिनं, सावकाश, माइकखाली येऊन.
'हृत्पिंड म्हंजे कोनता पिंड जी, पंडित?
कावळा शिवला का नाही त्याले?'
तीन हजार माणूस. कनात हलली.
ऑर्गनवाल्याचा हात घसरला.
मी ठरल्याप्रमाणे पागोटं सावरत होतो,
तर त्या हशाच्या खालून ती जवळ आली,
ओठ जेमतेम हलवत:
'खरं हाय का जी हे?'

प्रॉम्प्टर वही चाळत होता. वहीत नव्हतं.
मला इतके शब्द येत होते,
एकेक सतरा अक्षरांचा,
आणि तोंडातून निघालं
'हव.'

वर टांगलेल्या माइकनं ते उचललं.
बांधीच्या पार त्या टोकाला,
निजलेली पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायांपर्यंत गेलं.
हसू थांबलं.
मग मागून कोणीतरी, 'वन्स मोअर!'

आणि मी पुन्हा म्हणालो.
पहिला हव माझा होता.
दुसरा मी थोडा वर लावला,
मागच्यांना नीट ऐकू जावा म्हणून.

मालकानं तो प्रसंग ठेवून घेतला.
हँडबिलावर चौकटीत छापला.
त्या हंगामात आणखी एकसष्ट प्रयोग,
कुठे दोनदा हव, कुठे तीनदा, अड्याळला पाच.
होळीपर्यंत मला नेमकं कळलं होतं
आधी किती थांबायचं,
मान कितपत खाली घालायची.
एवढासा शब्द,
त्यालाही पागोटं चढलं.

वैशाखात आमचं लग्न झालं.
कौतिका कधी कधी मशीन थांबवून म्हणते,
'त्या चिठ्ठीतलंच बरं होतं जी.
त्याच्यात काहीतरी भाजत तरी होतं.'
मी हसतो. मला उत्तर येत नाही,
आणि वाग्भूषणाला विचारायची हिंमत होत नाही.

रात्री मिल बंद करून येतो.
ती विचारते, 'वाढू का?'
मी हव म्हणत नाही.
गंगाळाकडे जातो, हात धुतो,
उशीर लावून धुतो.
आत भाताच्या भांड्यावरचं झाकण
तिनं काढलेलं असतं.