पुठ्ठा क्रमांक दोनशे चौदा

एप्रिलात दुपारी दोनला
संग्रहालयातला पंखा गरम हवाच ढवळत असतो.
मी नोंदवहीत रकाने आखत बसते :
वस्तू, माप, साहित्य, स्थिती, कुणाकडून.

माळढोकाचं पीस, एक, कीड लागलेलं.
भीमेकाठचा दगड, चार ओळी कोरलेल्या,
त्यातल्या दीड ओळी कुणी कुणी
धुणं आपटून आपटून नेलेल्या.
आणि साखर पेठेतल्या बंद कारखान्यातून आलेली
जकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ, सुतळीत ओवलेली.
भोकंच भोकं.
मला वाचता येईनात, म्हणून लिहिलं :
छिद्रित पुठ्ठे, नग तीनशे बारा,
आणि दिले नंबर.

मग ते आले. वय एक्याऐंशी.
चपला बाहेर काढल्या, फरशी गार हाय म्हणाले.
चष्मा कपाळावर सरकवून
एकेक पुठ्ठा अंगठ्याखालून काढत गेले,
गहू निवडावेत तसे.
हा तुरा. ही मान.
हितनं पिसारा फुटतो बघा, बाई.
मला पहिल्यांदाच मोर दिसला,
धागा नसलेला, रंग नसलेला,
नुसत्या हवेचा.

दोनशे चौदावर अंगठा थांबला.
तप्पु, म्हणाले.
तेलुगूत चूक, कानडीतही चूकच;
आमच्या गावात हा शब्द दोन घरांचा आहे.

एक भोक जास्त पडलं होतं, रातपाळीला.
एक उभा धागा उगाच उचलला गेला
आणि मोराच्या डोळ्याखाली ठिपका आला.
आठ वर्षं तीच चादर निघाली.
मालकानं दोन रुपये कापले
आणि नवा पुठ्ठा करायला पैसे नाहीत म्हणाला.
बाजारात ‘रडका मोर’ म्हणून खपली.

खिशातून त्यांनी डबी काढली. आत खळ,
घरी शिजवलेली, अजून कोमट.
दुसऱ्या खिशातून एक टिकली,
नातीच्या लग्नपत्रिकेतून कापलेली,
एका बाजूनं लाल.
बुजवून टाकतो. दोन मिनिटं बसा.

मी हात आडवा घातला.
नंबर पडला की वस्तूला काही करता येत नाही, काका.
नियम आहे.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. परत उघडलं.
म्हणजे तप्पुलाबी नंबर पडला?

पडला.

खूप वेळ पंखाच बोलत होता.
मग ते म्हणाले, माझं नाव लिवा मग.
दुसऱ्या कुणाच्या अंगावर नको जायला.

मी शेवटच्या रकान्यात लिहिलं : लक्ष्मीनरसू येमुल.
ते वहीवर वाकले.
मू दीर्घ हाय.

नोंदवहीत खोडरबर चालत नाही.
चुकलेल्या शब्दावर एक रेघ, शब्द वाचता येईल अशी,
वर दुरुस्ती, शेजारी सही, तारीख.
मी तसं केलं.
त्यांनी ती रेघ निरखून पाहिली,
जुन्या कारागिरानं नवख्याचं काम पाहावं तशी,
आणि हसले. दात नव्हते फारसे.

चहा घेतला. बशीत ओतून.
जाताना चपला शोधायला वेळ लागला.
लाल टिकली टेबलावरच राहिली.

ती मी पाकिटात घातली आहे.
अजून नंबर दिलेला नाही.